मागे जागाच नसते तेव्हा: एकहाती स्पे कास्टिंगचा हंगामभराचा अनुभव

मांडवीच्या दक्षिण काठाने पणजीहून रायबंदरला जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना गोव्यातल्या फ्लाय फिशिंगची (हलकी कृत्रिम माशी, म्हणजे फ्लाय, लाइनच्या वजनाने दूर फेकून मासे धरण्याची) मुख्य अडचण समजावून सांगावी लागणार नाही. समोर भरपूर रुंद नदी असते आणि पाठीशी काही फुटांवर वाहने धावत असतात. नेहमीच्या ओव्हरहेड कास्टमध्ये, म्हणजे डोक्यावरून केलेल्या फेकीत, लाइन जितकी पुढे टाकायची, जवळजवळ तितकीच ती आधी मागे सरळ व्हावी लागते आणि तेवढी मोकळी जागा आपल्याकडे फारच थोड्या ठिकाणी मिळते. खाजणाच्या (बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल जमिनीच्या) बांधावर मागे माड किंवा खारफुटी असते, तर खांडेपार नदीच्या काठावर बांबू आणि झाडोरा असतो. म्हणून गेल्या ऑक्टोबरात, पावसाचे गढूळ पाणी निवळल्यावर, मी एकहाती स्पे कास्टिंग शिकायला घेतले. आता मे संपत आला आहे आणि नद्या पुन्हा गढूळ होण्याआधी या तंत्राचा आणि त्यासाठी घेतलेल्या साहित्याचा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हे तंत्र मुळात स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवरचे आहे. तिथल्या उंच, झाडीने भरलेल्या काठांवरून सामन मासा धरणाऱ्यांनी ते एकोणिसाव्या शतकात लांब दोनहाती रॉडसाठी घडवले. यात लाइन मागे पूर्ण उलगडत नाही. फ्लाय, लीडर (फ्लायला लाइनशी जोडणारा बारीक दोरा) आणि लाइनचे टोक एवढाच भाग पाण्यावर टेकवायचा असतो व त्याला अँकर म्हणतात. उरलेल्या लाइनचा रॉडच्या मागे इंग्रजी डी अक्षरासारखा फुगवटा तयार होतो, तो डी-लूप. त्याच्या वजनाने रॉड वाकतो, अँकर पाण्याला धरून राहतो आणि पुढच्या झटक्यात सगळी लाइन पाण्यावरून उलगडत जाते. एकहाती प्रकारात तत्त्व हेच राहते. फरक इतकाच की रॉड नेहमीचा नऊ फुटी असतो आणि मोकळ्या डाव्या हाताने ऐन झटक्याच्या वेळी लाइन खेचून तिचा वेग वाढवता येतो. माझ्या डी-लूपला मागे दीड-दोन मीटरपेक्षा जास्त जागा लागत नाही, आणि कास्ट काठाशी तिरपा टाकला तर तो फुगवटा रस्त्यावर न जाता कठड्याच्या कडेनेच राहतो. आपल्याकडे या तंत्राचे खरे मोल एवढ्यातच आहे. लांब पल्ल्याच्या आशेने कोणी ते शिकू नये.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगतो. माझा रॉड आठ नंबरचा आहे. त्या नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे प्रमाण वजन २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असते. स्पेसाठी मात्र मी साधारण १५ फुटी, २७५ ग्रेनचे आखूड आणि जाड हेड (लाइनचा पुढचा जड भाग) घेतले, कारण मागे लाइन लांब पसरण्याची सोय नसल्यामुळे रॉड वाकवणारे वजन थोड्याच लांबीत एकवटलेले असावे लागते. या हेडला दहा फुटी, सावकाश बुडणारी टिप जोडतो आणि पुढे चार-पाच फूट लांबीचा जाड फ्लुरोकार्बनचा दोरा बांधतो, कारण चोणकाच्या (जिताडा माशाच्या) कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. टिप न जोडता हेडलाच थेट लीडर बांधण्याचा मोह कोणालाही होईल, परंतु अशा हेडचा अँकर टिपेशिवाय पाण्यात टिकत नाही आणि फ्लाय सुसाट मागे निघून येते.

शिकण्याची जागा म्हणून मी खाडी न निवडता खांडेपार नदी निवडली, आणि नवशिक्यांना माझा हाच सल्ला राहील. तिथे वरच्या भागात पाणी गोडे असते, ते एकाच दिशेने वाहते आणि दरवेळी लाइन आपोआप खालच्या बाजूला (प्रवाहाच्या दिशेने) ताणून धरते, त्यामुळे प्रत्येक कास्टची सुरुवात सारखी होते. गवतावर हा सराव होत नाही, कारण अँकरला धरून ठेवायला पाणीच लागते. सुरुवातीला साधा रोल कास्ट (लाइन पाण्यावरूनच पुढे उलगडणारी फेक) पक्का करावा, मग डबल स्पे घ्यावा. डबल स्पेमध्ये खालच्या बाजूला ताणलेली लाइन रॉडचे टोक खाली ठेवून वरच्या बाजूला अशी आणायची की तिचे टोक आपल्यापासून रॉडभर अंतरावर, खालच्याच बाजूला थोडे पुढे पडून राहील. मग रॉड गोलाकार फिरवत खांद्यामागे न्यायचा. हे नीट जमले की लाइन पाण्यावरून सोलली जाते आणि तिच्या मागून तुषारांची एक पांढरी रेघ पाण्यावर धावत येते. परदेशातले शिकवणारे तिला पांढरा उंदीर म्हणतात. रेघ अखंड आणि एकाच वेगाने धावली, तर रॉडवरचा ताण कुठेही सुटलेला नाही असे समजावे. ती मध्येच तुटली तर हात थबकला आहे. तिच्याऐवजी पाणी फाडल्यासारखा मोठा आवाज आला, तर घाई झाली आहे आणि अँकर उखडणार हे नक्की.

डावा हात शेवटी शिकवावा. ओव्हरहेड कास्टची सवय असलेल्याचा डावा हात रॉड पुढे निघताक्षणीच लाइन खेचतो, आणि स्पेमध्ये तेवढ्यानेही अँकर घसरतो. खेच अगदी शेवटच्या टप्प्यात, रॉड थांबण्याच्या किंचित आधी द्यावी लागते. ती जमली की पल्ल्यात लगेच फरक दिसतो. माझा भरवशाचा पल्ला आता पंधरा मीटरच्या आसपास आहे, आणि वारा अनुकूल असला तर त्याहून थोडा अधिक. खाडीत खारफुटीच्या कडेने मासेमारी करणाऱ्याला एवढे पुरते.

खरा अभ्यास मात्र मांडवीवर आल्यावर सुरू झाला. स्पेचे सगळे शिक्षण नदी एकाच दिशेने वाहते असे धरून चाललेले असते. वारा प्रवाहाच्या उलट, म्हणजे खालून वर वाहत असेल, तर अँकर वरच्या बाजूला हवा, म्हणून सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी हे स्पेचे प्रकार; वारा प्रवाहाबरोबर खाली जात असेल, तर अँकर खालच्या बाजूला हवा, म्हणून डबल स्पे किंवा स्नेक रोल हा आणखी एक प्रकार. नियमामागचे कारण उघड आहे. वाऱ्याने डी-लूप आणि जड डोळ्यांची फ्लाय आपल्यापासून दूर ढकलली पाहिजे, आपल्या कानाकडे आणता कामा नये. पण आपल्या खाडीत दर सहा तासांच्या सुमारास प्रवाह उलटतो. काठ तोच असतो, तरी ‘वर’ आणि ‘खाली’ यांची अदलाबदल होते. त्यात दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारे. त्यामुळे छापील नियम इथे दर वेळी नव्याने मांडावा लागतो.

रायबंदरच्या काठावर नदीकडे तोंड करून उभे राहिले की पश्चिम डाव्या हाताला येते. दुपारचा खारा वारा डावीकडून उजवीकडे वाहतो, म्हणजे अँकर उजवीकडेच हवा, मग पाणी कुठल्याही दिशेने वाहो. ओहोटीत लाइन समुद्राकडे, डावीकडे ताणली जाते, म्हणून ती डावीकडून उचलून उजवीकडे आणणारा सिंगल स्पे करावा लागतो. भरतीत लाइन उजवीकडेच ताणलेली असते, तेव्हा डबल स्पे किंवा स्नेक रोल सोयीचा पडतो. दोन्ही वेळा उजव्या हाताने, उजव्याच खांद्यावरून काम भागते. उत्तर काठावर याच्या अगदी उलट होते. तिथे तोच वारा उजवीकडून येतो, म्हणून उजव्या हाताच्या माणसाला रॉड छातीसमोरून आडवा नेऊन डाव्या खांद्यावरून कास्ट करावा लागतो किंवा सरळ डाव्या हाताने टाकावे लागते. पहाटेच्या मतलई वाऱ्यात काठांचा हा न्याय पुन्हा फिरतो. दक्षिण काठावर दुपारी शिकायला सुरुवात केली तर निम्मी डोकेदुखी टळते, ही गोष्ट मला कोणी आधी सांगायला हवी होती.

सिंगल स्पेबद्दल आणखी एक निरीक्षण नोंदवतो. त्यात अँकर पाण्याला टेकताच लगेच पुढचा झटका द्यावा लागतो, विसावायला वेळ नसतो. ओहोटी आणि खारे वारे समोरासमोर आले की मांडवीवर लहान, उभ्या लाटा उठतात आणि त्या लाटांवर टेकलेला अँकर कधी धरतो, कधी उडी मारतो. अशा वेळी स्नॅप-टी अधिक भरवशाचा ठरतो, कारण त्यात लाइन आधी पाण्यावर पूर्ण टेकते आणि मग सावकाश उचलली जाते. तो दिसायला ओबडधोबड वाटतो. मासे त्यावर मत देत नाहीत.

उंचीचा प्रश्न कोणी फारसा मांडत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. उधाणाच्या दिवसांत मांडवीची पातळी दोन मीटरच्या आसपास वरखाली होते. भरती असताना कठड्यावरून पाणी हाताशी वाटते, पण ओहोटी सरत आली की तेच पाणी इतके खोल जाते की रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंतच बरीचशी लाइन खर्ची पडते, अँकरसाठी तिचे पुरेसे टोक उरत नाही आणि डी-लूप अर्धवट राहतो. म्हणून कठड्यावरून मी भरतीच्या वरच्या निम्म्या काळातच टाकतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत पाण्याची पातळी कमी हलते, तेव्हा वेळेची ओढाताण कमी होते, पण प्रवाहही मंद असतो आणि लाइन नीट ताणली जात नाही. पाण्यात उतरून कास्ट करण्याची परदेशी रीत इथे सोडूनच द्यावी. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि दगडांवरची कालवे (धारदार शिंपले) लाइन आणि पाय दोन्ही कापतात.

साहित्यातली मोठी निराशा हवामानामुळे झाली. एकहाती स्पेसाठी मिळणारी बहुतेक हेड्स थंड पाण्यातल्या ट्राउट आणि स्टीलहेडसाठी बनवलेली असतात. मार्चनंतरच्या उन्हात माझ्या हेडचे आवरण मऊ पडून चिकट झाले आणि हेडच्या मागे जोडलेली बारीक रनिंग लाइन तर ओल्या सुतासारखी रॉडच्या कड्यांत अडकू लागली. उष्ण समुद्रासाठी बनवलेल्या लाइनचा गाभा ताठ आणि आवरण कठीण असते, पण तशी आखूड, जड हेड्स सहज मिळत नाहीत. मी मधला मार्ग काढला. हेड तेच ठेवले आणि मागे जाड मोनोची (एकपदरी नायलॉनच्या दोऱ्याची) रनिंग लाइन लावली. ती वापरण्याआधी हाताने ओढून सरळ करावी लागते आणि पकडायला निसरडी आहे, पण उन्हात चिकटत नाही. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने लाइन धुणे तर अपरिहार्यच आहे.

दुसरी अडचण मासेमारीच्या पद्धतीतली आहे. स्कॉटलंडात फ्लाय प्रवाहात आडवी तरंगत जाते आणि शेवटी लाइन ताणलेलीच असते. तांबोशी किंवा चोणक धरायला मात्र फ्लाय तुकड्यातुकड्याने ओढत आणावी लागते, त्यामुळे शेवटी सगळी लाइन हातात आणि हेड रॉडच्या टोकाशी, अशी स्थिती होते. तिथून थेट स्पे होत नाही. आधी एक रोल कास्ट करून हेड बाहेर काढावे, मग खरा कास्ट करावा. हेड आखूड असल्यामुळे हे एका हालचालीत उरकते. लांब हेडवाल्यांना दोन-तीन हालचाली कराव्या लागतील.

या तंत्राची आणि आपल्या पाण्याची उत्तम गाठ पडते ती खाजणातल्या मानशीच्या (पाण्याच्या दारांच्या) तोंडाशी. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात. आतले पाणी कोळंबी आणि बारीक मासे घेऊन जोरात बाहेर पडते, आणि त्या धारेच्या कडेला चोणक टपून असतो. तेवढा वेळ तिथे एकाच दिशेने वाहणारी छोटी नदीच तयार होते. धारेवर आडवी टाकलेली फ्लाय सामनच्या नदीत फिरावी तशी फिरत कडेला येते आणि ओढून आणण्याची गरजच उरत नाही. माझे या हंगामातले बरेचसे चोणक असेच मिळाले, बहुतेक लहान आणि सगळे परत सोडलेले. मात्र मानशीवरच्या मासेमारीचे हक्क लिलावाने दिलेले असतात, तेव्हा ज्याच्याकडे हक्क आहे त्याला विचारल्याशिवाय तिथे उभे राहू नये. मी विचारले तेव्हा नकार क्वचितच आला, पण त्याची जाळी लागलेली असताना थांबावे लागले आणि ते रास्तच होते.

ज्यांच्याकडे होडी आहे, त्यांना हे सगळे करण्याची गरज नाही. त्यांनी उघड्यावरून ओव्हरहेड कास्ट करावा. हलक्या, फुगीर पॉपरसाठीही (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायसाठीही) हे तंत्र उपयोगाचे नाही, कारण त्यांचा अँकर पाण्यावर धरत नाही. काठावरून टाकणाऱ्याने मात्र नवा रॉड न घेता, आहे त्याच रॉडसाठी एक आखूड हेड आणि एक टिप एवढाच खर्च आधी करावा आणि टोपी व चश्मा घालूनच सुरुवात करावी. माझा स्वतःचा डावा खांदा अजून कच्चा आहे. पाऊस संपला की उत्तर काठावर, दुपारच्या ओहोटीत, तिथूनच पुढचा सराव सुरू करणार आहे.