स्कोप सरकतोय? एअर रायफलसाठी कोणता माउंट घ्यावा

स्प्रिंगच्या एअर रायफलवरचा (म्हणजे स्प्रिंगरवरचा) स्कोप, नेमाची दुर्बीण, सरकतो तो बहुतेक वेळा मागे, नेमबाजाच्या डोळ्याकडे. असं का होतं ते कळलं की माउंटची, म्हणजे स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या जोडाची, निवड बरीच सोपी होते. ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे येते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण पुढच्याच क्षणी तो पिस्टन दाबल्या गेलेल्या हवेवर अडून थबकतो आणि रायफल पुढे हिसकली जाते. हा दुसरा हिसका फारच तीव्र असतो. रायफल पुढे जाते, स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलवर (रायफलच्या माथ्यावर माउंट बसवायच्या पट्टीवर) तो मागे घसरतो. काडतुसाच्या रायफलीत असा उलटा हिसका नसतो, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं निमूट बसलेल्या, स्कोपची नळी धरणाऱ्या रिंगा स्प्रिंगरवर चढवल्या की दगा देतात. गॅस रॅममध्ये (स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू पिस्टन ढकलतो) स्प्रिंगची थरथर नसते, हिसका मात्र असतोच. पीसीपीमध्ये (टाकीत आधीच दाबाने हवा भरलेल्या रायफलीत) असा पिस्टनच नाही, त्यामुळे हे दुखणं जवळपास नाहीच.

नवा माउंट मागवण्याआधी नक्की काय सरकतंय ते पाहा. रायफल रिकामी आणि कॉक न केलेली आहे याची खात्री करा. मग मागच्या माउंटच्या पायाशी रेलवर आणि रिंगेच्या मागच्या कडेला स्कोपच्या नळीवर चिकटपट्टीचा एकेक तुकडा कडेला कड भिडवून लावा आणि पाचपंचवीस छर्रे झाडा. रेलवरची पट्टी दुमडली किंवा पुढच्या माउंटसमोर रेलवर घासलेला चकचकीत पट्टा उघडा पडला, तर पाया सरकतोय. नळीवरची पट्टी आणि रिंग यांच्यात फट पडली, तर पाया जागेवर आहे आणि नळी रिंगेतून घसरतेय. दोन्ही पट्ट्या जशाच्या तशा असूनही छर्रे भरकटत असतील, तर माउंटला दोष देऊ नका. आधी दस्त्याचे स्क्रू आवळून पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असं माझं मत आहे.

पिन की नुसती पकड

पाया सरकत असेल तर खरा प्रश्न हाच. डोव्हटेल म्हणजे रायफलच्या माथ्यावरच्या दोन समांतर खाचा. तिला सरसकट 11 मिलिमीटर म्हणतात खरं, पण रुंदी आणि खाचेचा कोन रायफलीगणिक थोडा बदलतो. त्यामुळे माउंटचा जबडा कधी खाचेत पूर्ण बसतो, तर कधी नुसत्या कडेला धरून लटकतो. अशा वेळी स्क्रू कितीही पिळा, उपयोग नाही. ॲल्युमिनियमचे आटे मात्र जातात.

स्टॉप-पिनचा माउंट घर्षणाच्या भरवशावर राहत नाही. माउंटच्या पोटातून एक छोटी पिन खाली उतरते आणि रायफलच्या माथ्यावरच्या भोकात बसते. हिसका स्क्रूंनी नाही, पोलादाने झेलायचा. बसवताना दोन गोष्टी चुकतात. पिन भोकाच्या तळाला टेकूनही पिळत राहिलं तर ती माउंटलाच वर उचलते आणि जबड्याची पकड सुटते. दुसरं म्हणजे स्क्रू आवळण्याआधी अख्खा माउंट मागे ओढून पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकवून घ्यायची. मध्ये जागा राहिली तर तेवढा तो सरकणारच, आणि तेवढ्याने नेम बिघडतो.

रायफलीवर भोकच नसेल तर? मग दोन वाटा. पहिली, मागच्या माउंटला टेकून रेलवर आवळायचा सुटा स्कोप-स्टॉप. तो स्वतःही घर्षणावरच टिकतो, म्हणजे आणखी थोडी पकड मिळाली इतकंच. दुसरी, बीकेएलसारखे बिनपिनचे माउंट, जे लांब जबड्याने आणि बऱ्याच स्क्रूंनी डोव्हटेल आवळतात. रेल त्यांच्या मापाची असेल तर ते खरोखर हलत नाहीत. पण भोक असताना पिन सोडून यांच्याकडे जायचं कारण मला दिसत नाही.

पिकॅटिनी रेल असेल तर वादच नको. तिच्या आडव्या खाचांत माउंटचा आडवा दांडा बसतो, तोच स्टॉप. फक्त तो खाचेच्या मागच्या भिंतीला टेकवा. काडतुसाच्या रायफलीवर पुढे ढकलून बसवतात, इथे उलट. आणि ही रेल रायफलवर स्क्रूंनी जोडलेली असेल तर ते स्क्रूही तपासा. डोव्हटेलवर पिकॅटिनीचा अडॅप्टर चढवणं मला पटत नाही: एक जोड सांभाळता येत नाही म्हणून दुसरा वाढवायचा, आणि अडॅप्टरलाही पिन लागतेच.

वन-पीस की दोन रिंगा

स्प्रिंगरसाठी वन-पीस. पाया लांब, स्क्रू जास्त, आणि दोन्ही रिंगा एकाच धातूच्या तुकड्यात असल्याने एका पिनवर सगळं थांबतं. सुट्या रिंगांत सहसा पिन एकाच रिंगेला असते. दुसरी तिच्या मागोमाग नळीवर ताण देत राहते. वन-पीसची अडचण जागेची. स्कोपची नळी आखूड असेल तर मधला टरेटचा (नेम जुळवायच्या फिरत्या चकत्यांचा) फुगवटा नेमका रिंगेच्या वाटेत येतो आणि डोळ्याचं अंतर हवं तसं साधत नाही. घेण्याआधी नळीचा सरळ भाग मोजा. पीसीपीवर मात्र सुट्या, हलक्या रिंगाच घ्या. तिथे वन-पीसचं वजन उगाच वागवायचं.

नळी घसरत असेल तर

इथे माउंट बदलून फारसं काही साधत नाही. रिंगेची आतली बाजू आणि नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारखान्यातलं तेल तिथे असतंच. मग खालच्या अर्ध्या रिंगेत पातळ टेपचा एक थर द्या. वरच्या टोपीचे स्क्रू फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवा. बहुतेक उत्पादक 15 ते 20 इंच-पाउंड, म्हणजे साधारण 1.7 ते 2.3 न्यूटन-मीटर एवढाच जोर सांगतात. ॲलन-की आखूड बाजूने धरली तर हात आपोआप आवरतो. त्यापुढे गेलात तर नळी चेपते. निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) पायाच्या स्क्रूंना हवं तर थेंबभर. रिंगांना मी लावत नाही.

वजनाकडेही बघा. 700 ग्रॅमचा स्कोप 350 ग्रॅमच्या स्कोपच्या दुप्पट जोराने माउंट ओढतो. स्प्रिंगरवर मोठ्या भिंगाचा सोस सोडला तर साधा माउंटही पुरतो.

महागडे पर्याय

हिसका जिरवणारे, आत स्प्रिंग असलेले माउंटही मिळतात. त्यांचा खरा उपयोग स्कोप वाचवण्याचा आहे. जड, ताकदवान स्प्रिंगरवर चांगला स्कोप लावणार असाल तर विचार करा, एरवी नको.

ड्रूप-माउंट वेगळं. काही ब्रेक-बॅरल (मोडून छर्रा भरायच्या) रायफलींची बॅरल रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. मग छर्रा वर आणायला टरेट पार वरच्या टोकाला न्यावा लागतो, आतली स्प्रिंग सैल पडते आणि नेम रोज वेगळीकडे जातो. माउंट सरकल्यासारखंच वाटतं, पण पट्ट्या जागेवर असतात. यावर मागची बाजू उंच असलेला माउंटच उपाय. हे सगळं करूनही क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) तिरके झाले किंवा हलवल्यावर आत खुळखुळ ऐकू आली, तर स्कोपच मेलाय. पुढचा घेताना तो स्प्रिंगरसाठी चालतो असं उत्पादकाने स्पष्ट लिहिलंय का, ते आधी वाचा.