खिचडीसाठी ५० लिटरचा हॉटबॉक्स: घ्या, पण नळाचा नको

आम्ही राजेंद्र नगरच्या काही बायका संध्याकाळी एमवाय हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाढतो. इंदुरात २०१७ पासून सरकारी स्वस्त जेवणाची दीनदयाळ रसोई आहे, पण ती मुख्यतः दुपारची सोय. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून आलेली माणसं रात्री कुठे चूल मांडणार?

आधी भगुणं गोधडीत गुंडाळून न्यायचो. ई-रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली की खिचडी कोमट, वर साय धरलेली. चवीचं सोडा, भात कोमट ठेवणंच धोक्याचं. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात त्यांचे जंतू वाढतात, आणि त्यांचं एक विष तर पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वरच ठेवायचं. आणि ‘आपण तर फुकट वाटतो’ म्हणून सुटका नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात नफा असो-नसो, सगळे सारखेच.

तर बर्तन बाजारातून दुहेरी भिंतीचा, मध्ये फोम भरलेला स्टीलचा डबा आणला. किंमत साध्या भगुण्याच्या तिप्पट. दुकानदार म्हणाला, “आंटी, नल वाला ले जाओ, झुकना नहीं पड़ेगा.” मी ऐकलं नाही आणि बरंच झालं. ओळखीच्या एका मंडळाकडे नळाचा आहे. त्यात मुगाची डाळ अडकते, मग वाढणं थांबवून चमच्याच्या दांड्याने टोकरत बसा. नळाचा डबा चहा-ताकाला ठीक. खिचडीला रुंद तोंडाचाच हवा, ओगराळं तळापर्यंत गेलं पाहिजे.

गरम ठेवण्यात पैकीच्या पैकी. भरण्याआधी दहा मिनिटं उकळतं पाणी घालून डबा तापवून घ्यायचा, ते ओतलं की लगेच खिचडी, काठोकाठ. अर्धा भरला तर लवकर निवतो. तीन तासांनीही फुंकर मारूनच घास घ्यावा लागतो.

पण आमच्या स्वयंपाकी महाराजांना पाककृती बदलावी लागली. आत खिचडी शिजतच राहते आणि भात पाणी पितो. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा डाव उभा राहत होता. आता ५ किलो तांदूळ, ३ किलो मूगडाळीला ४० लिटर पाणी. घरी बघाल तर ‘ही काय आमटी?’ म्हणाल. वाढताना बरोबर होते. शंभराच्या वर माणसं निघतात. (वर शेव मागणारेही भेटतात. इंदूर आहे, भिया.)

वैताग झाकणाचा. एकदा गेटवर ते उघडेचना. रांग लागलेली, आम्ही दोघी क्लिपा सोडून झाकण ओढतोय. वाफ निवून आत पोकळी धरली होती. शेवटी रांगेतल्या भिलाला समाजाच्या एका आजोबांनी झाकणावरची छोटी टोपी बोटाने दाबली, फुस्स झालं आणि झाकण हातात आलं. ती वाफेची टोपी रोज काढून धुवायची, फोडणीतली मोहरी तिथेच जाऊन बसते.

वजनाचा विचार आधी करा. भरलेला डबा साठ किलोंच्या वर जातो. चाकं आहेत, पण रिक्षात चढवताना चाकांचा काही उपयोग नाही, दोन धडधाकट माणसं लागतात. आमच्यासारख्या साठीच्या बायका असाल तर २५ लिटरचे दोन घ्या, थोडे पैसे जास्त जातील.

पोळ्या, पुऱ्या यात ठेवू नका, घाम येऊन लगदा होतो.

झाकणाचं रबर वर्षभरात सैल पडतं आणि त्याला फोडणीचा वास लागतो तो जात नाही. सुटं रबर दुकानात मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. मिळत नसेल तर दुसरं दुकान गाठा.