हॅम लिंकसाठी टनेल: आयपीआयपी, ओपनव्हीपीएन की वायरगार्ड?

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची दोन ठिकाणं इंटरनेटवरून जोडायची तर मध्ये टनेल, म्हणजे पाकिटात पाकीट घालून नेणारी वाट, लागते. ४४ ने सुरू होणाऱ्या हॅमसाठीच्या आयपी पत्त्यांचा विषय निघाला की जुनी मंडळी आधी आयपीआयपी हे साधं, एन्क्रिप्शन नसलेलं टनेलच सुचवतात, आणि त्यात वावगं काही नाही. पाकिटामागे फक्त २० बाइटचं जादा ओझं, प्रोसेसरवर ताण नाही. लिंकचा एखादा टप्पा हॅम बँडवरून जात असेल तर तिथे एन्क्रिप्शन चालतच नाही. मग आयपीआयपी किंवा तसंच साधं जीआरईच बरं. स्थिर पब्लिक आयपी असणाऱ्याला मीही दुसरं काही सांगणार नाही.

पण साताऱ्यात घरगुती फायबरवर तो असतो कुणाकडे? माझ्या राउटरला १००.६४ च्या पट्ट्यातला, म्हणजे सीजीनॅटमागचा (कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला) पत्ता मिळायचा. पत्ते वाटणारं हे नॅट कुठलं पाकीट कुणाचं ते पोर्ट क्रमांकावरून ओळखतं, पण आयपीआयपीला पोर्टच नसतो, नुसता प्रोटोकॉल क्रमांक ४. आलेलं पाकीट कुणाचं हे वाटेतल्या नॅटला कळत नाही, ते तिथंच पडतं. जादा पैसे भरून पब्लिक आयपी घेतला, तर तो बदलता निघाला. पावसाळ्यात लाइट गेली, राउटर पुन्हा उठला की नवा पत्ता. मग लिंकच्या दुसऱ्या टोकाच्या कराडच्या मित्राला फोन: "अरे, नवा आयपी लिहून घे." तो रानात असला की लिंक संध्याकाळपर्यंत मुकी. डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय) आणि स्क्रिप्ट लावून हे जमवणारे आहेत. मला त्या फोनाफोनीचाच वीट आला.

ओपनव्हीपीएन यातून सुटतं, कारण ते पोर्ट वापरतं आणि घरूनच बाहेर जोडणी करतं. यूडीपी अडवणाऱ्या कॉलेजच्या नेटवर ते टीसीपी ४४३ वरूनही निघतं, हे त्याचं खरं बळ. मात्र टीसीपीवर एक पाकीट हरवलं की मागची सगळी खोळंबतात. निदान माझ्या कानाला तरी क्यूएसओ (रेडिओवरचा संवाद) अडखळत आणि मग एकदम घाईत ऐकू यायचा. सर्टिफिकेटांची उस्तवार वेगळीच.

वायरगार्डला पत्ता बदलल्याचं सोयरसुतक नाही. योग्य किल्लीचं पाकीट जिथून आलं, तोच समोरच्याचा नवा पत्ता. 'पर्सिस्टंटकीपअलाइव्ह' २५ ठेवलं की नॅटमधली वाट उघडी राहते. दोन्ही टोकं सीजीनॅटमागे असतील तर मध्ये भाड्याचा छोटा व्हीपीएस (पब्लिक आयपी असलेला आभासी सर्व्हर) लागतो, तेवढा खर्च धरा. खोड एकच: टनेल चालवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात, पाय ४ पर्यंत, बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, त्यामुळे लाइट आल्यावर ते जुनी वेळ घेऊन उठतं, आणि मागच्या वेळेचा हँडशेक (जोडणीची पहिली ओळखपाळख) वायरगार्ड नाकारतो. एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय) वेळ जुळली की आपोआप जोडणी होते. फक्त एनटीपी टनेलमधून नेऊ नका, नाहीतर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतील.