ऑइल हीटर: चार महिने वापरल्यावरचा अनुभव (आईच्या खोलीसाठी घेतला होता)

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेतला, आता मार्च लागलाय, परवाच पुसून कापड घालून कपाटामागे उभा करून ठेवला. घ्यायच्या आधी मी जे शोधत होते ते कुठेच नीट सापडलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ११ फिनचा (फिन म्हणजे तेल भरलेल्या उभ्या पट्ट्या) आहे, २५०० वॅटचा, १०००, १५०० आणि २५०० अशी तीन बटणं, खाली चाकं.

आमचं घर नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला, जुनं बैठं घर, डोक्यावर थेट स्लॅब आणि पायाखाली शहाबादी फरशी. आईचं वय ७६, गुडघे आणि बोटं दोन्ही धरतात. थंडीच्या दिवसांत आभाळ निरभ्र असलं की स्लॅब रात्रभर थंड होत जातो आणि पहाटे पाच-साडेपाचला गारठा सगळ्यात जास्त. मामांची द्राक्षबाग निफाडजवळ आहे, तिकडे तर विचारूच नका, २०१८ च्या डिसेंबरात निफाडला पारा १.८ अंशावर गेला होता आणि वेलींवरचं दव गोठलं होतं. मामा अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात, विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं ना.

आता खरं सांगायचं तर पहिले दहा दिवस मला वाटलं पैसे गेले. आधी आमच्याकडे ब्लोअर होता, तो लावला की लगेच गरम वारा येतो, हा मात्र वीस-पंचवीस मिनिटं नुसता टक टक आवाज करत तापतो, मग कुठे ऊब जाणवायला लागते. त्यात एक तास २५०० वर चालवूनही पलंगाजवळचं थर्मामीटर १७ वरून १९ वर आलं, बस, आणि आईचे पाय तसेच बर्फासारखे.

धाकटा भाऊ कॅनडात एडमंटनला असतो, त्याला रविवारी व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. त्याच्याकडे आदल्या रात्री बर्फाचं वादळ होऊन गेलेलं, फावडं घेऊन दारातला बर्फ उपसून तो नुकताच आत आला होता. म्हणाला, सगळ्यात आधी भिंतीतून बाहेर येणारा फर्नेसचा (घर तापवणाऱ्या भट्टीचा) पाइप मोकळा करतो, तो बर्फाने बुजला तर घरात विषारी वायू साचू शकतो, मग जिना, मग फुटपाथ, गाडी सगळ्यात शेवटी. आणि मग म्हणाला, ताई, इथे बाहेर उणे २५ असलं तरी घर उबदार राहतं ते नुसत्या फर्नेसमुळे नाही, भिंतींत जाड अस्तर असतं, काचा दुहेरी असतात, दारं घट्ट बसतात, तू आधी दाराखाली हात लावून बघ.

हात काय, मी उदबत्तीच लावली आणि हळूहळू खिडकीच्या कडेने फिरवली. सरकत्या खिडकीची दोन तावदानं जिथे एकमेकांवर येतात तिथे सरळ वर जाणारा धूर एकदम आडवा झाला. दाराखाली तर बोट जाईल एवढी फट. म्हणजे मी इतके दिवस अख्खं अंगण गरम करत होते! हार्डवेअरच्या दुकानातून फटींना लावायची रबरी पट्टी आणली, दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी, खिडकीला जाड पडदा आणि पलंगाशेजारी दुहेरी सतरंजी. त्यानंतर नुसत्या १००० वर खोली तासा-दीड तासात १६ वरून २१ ला यायला लागली आणि मग थर्मोस्टॅट आपोआप बंद-चालू होतो. २५०० चं बटण मी डिसेंबरनंतर लावलंच नाही.

पण खोली पूर्ण हवाबंद करू नका. वरची जाळी आम्ही उघडीच ठेवली. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपायचं तर अजिबात नाही, कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, झोपेतच माणूस जातो. आईला हेच पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तिच्या माहेरी शेगडीच असायची. या हीटरमध्ये तेल असलं तरी ते जळत नाही, सीलबंद असतं, कधी भरायचं नसतं, त्यामुळे धूर नाही की जाळ नाही.

वायरिंगकडे मात्र लक्ष द्या. पहिल्या आठवड्यात मी एक्स्टेंशन बोर्डावर लावला होता, रात्री प्लास्टिक जळाल्याचा वास आला, बघते तर पिन काळी पडलेली. २५०० वॅट म्हणजे ११ अँपिअरच्या आसपास, साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ते झेपणार कसं? इलेक्ट्रिशियनला बोलावून १६ अँपिअरचा पॉइंट जाड वायरने वेगळा ओढून घेतला. हीटर आणायच्या आधी हे करा, नंतर नको. आणि त्यावर ओले कपडे वाळत घालू नका.

बिल. रात्री नऊ ते साडेअकरा आणि पहाटे पाच ते सात, जानेवारीत साधारण १०० युनिट वाढले, आमचे एरवी २२० च्या आसपास होतात, त्यामुळे ३०० च्या वरचा महाग स्लॅब लागला आणि ते बिलात लगेच दिसलं. आईसाठी मला ते परवडलं, पण माहीत असावं. ओठ आणि घसा कोरडा पडतो, खोलीत पसरट पातेल्यात पाणी ठेवलं की फरक पडतो. लाइट गेली की अर्थातच उपयोग नाही, मात्र तापलेला असेल तर अर्धा-पाऊण तास ऊब धरून ठेवतो, ब्लोअर तसा धरत नाही.

घ्यायचा असेल तर १० बाय १२ च्या खोलीला ९ फिनचा पुरेल असं मला वाटतं, ११ चा जड पडतो, उंबरठ्यावरून चाकं जात नाहीत, उचलायला दोघं लागतात.

आईला पहाटे उठून बसायची सवय आहे. मागच्या हिवाळ्यात आठपर्यंत गोधडीतून हात बाहेर काढायची नाही, बोटं मिटलेलीच असायची. या जानेवारीत एकदा सहाला उठले तर ती पलंगावर बसून मटार सोलत होती, अर्धं पातेलं भरलं होतं.