गोराईच्या खाऱ्या हवेत मॅसी ३५: दुरुस्तीनंतर काही महिने वापरून

गोराईला आमच्याकडे जुना मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, तीन सिलिंडरच्या पर्किन्स इंजिनचा. उन्हाळ्यात दुरुस्त केला, चिखलणी त्याच्यावरच उरकली, आता भाजीच्या वाफ्यांचं काम चालू आहे. एवढ्या वापरानंतर ठामपणे सांगतो: असा ट्रॅक्टर रुसला म्हणून लगेच इंजिन उघडू नका. आधी डिझेल, टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) आणि वायरी बघा.

आमचा चालता चालता दम सोडायचा. एका गॅरेजवाल्याने आवाज ऐकूनच बोअर-पिस्टनचा खर्च सांगितला होता. प्रत्यक्षात टाकीच्या तळाला गाळ होता आणि फिल्टर चोक झाला होता. डिझेल पुरेना, पंप ओढ घ्यायचा आणि चेपलेल्या तांब्याच्या वॉशरमधून हवा आत शिरायची. वॉशर, फिल्टर मुंबईच्या नागदेवी बाजारात मिळाले. लोकलने बोरिवली, पुढे खाडीची बोट, सामान घरी. मग एअर, म्हणजे डिझेलच्या लाइनीत अडकलेली हवा, काढली: आधी फिल्टर, मग इंजेक्शन पंपाचे दोन्ही स्क्रू, शेवटी नोझलचे नट. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची हातदांडी मारताना मोकळी लागली तर पंप खराब समजू नका. पंप ढकलणारा कॅम वरच्या टोकाला थांबलेला असतो. इंजिन थोडं फिरवा, दांडी लगेच धरते.

टॅपेट थंड इंजिनवर १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३० मिमी. फिलर गेजचं पातं किंचित ओढ देत सरकलं पाहिजे. सुळकन गेलं तर ढिलं. हेडचे नट आवळल्यावरच हे करायचं, नाहीतर मेहनत वाया. इथे आवाजात जो फरक पडला, तो शेजाऱ्यांनीही ओळखला.

खारी हवा मात्र पाठ सोडत नाही. बॅटरीची अर्थची पट्टी बसते तिथला गंज घासून, ग्रीस लावून ठेवतो. स्टार्टर तेवढ्यानेच जोरात फिरतो.

नांगराला याची लिफ्ट आजही सुरेख. जमीन कडक लागली की टॉप लिंकवर (नांगराला वरून जोडणाऱ्या दांड्यावर) दाब येतो आणि हायड्रॉलिक आपणहून नांगर किंचित उचलतं; चाकं घसरत नाहीत. लिफ्ट चढेना तर आधी पीटीओचा (मागच्या अवजारांना फिरवणाऱ्या शाफ्टचा) लिव्हर गुंतलाय का बघा, कारण लिफ्टचा पंप त्याच्यावरच फिरतो.

रोटाव्हेटरला मात्र जड जातो. आमचा सिंगल क्लचचा. क्लच दाबला की पीटीओही थांबतो, लिफ्टही. वळणावर दर वेळी खोळंबा. रोटाव्हेटर मारायचा असेल तर जुन्यातला घेताना डबल क्लचचाच शोधा; त्यात क्लच अर्धा दाबला तर फक्त चाकं थांबतात, पीटीओ चालू राहतो.