रायझन ५ ७६००: आत्ता घ्यावा की पुढच्या पिढीसाठी थांबावं?

ठाण्यात नवा डेस्कटॉप बांधत असाल तर थांबू नका, पण मदरबोर्ड जपून निवडा. जानेवारी २०२३मध्ये आलेला हा एएमडी कंपनीचा ६ कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर. कूलर खोक्यातच मिळतो, स्क्रीनपुरतं ग्राफिक्सही आत आहे. खरं मोल मात्र सॉकेटचं, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेचं. सॉकेट तोच राहिला तर पुढच्या पिढीचा प्रोसेसर याच बोर्डावर बसवता येतो. याच्या एएम५ सॉकेटला २०२७पर्यंत आणि पुढेही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय. जुन्या एएम४ सॉकेटवर २०२२मध्येही ५८००एक्स३डी हा नवा प्रोसेसर आला होता, म्हणून या शब्दावर भरवसा वाटतो.

बोर्ड बी६५० चिपसेटचा आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच घ्या. बायोस म्हणजे बोर्ड सुरू करणारं त्यातलं सॉफ्टवेअर, ते या बटणाने पेनड्राइव्हवरून बदलता येतं. जुना बायोस नवा प्रोसेसर ओळखत नाही आणि स्क्रीन काळीच राहते. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, नव्या बायोसच्या फाइलला पुस्तिकेत दिलेलं नाव द्या, खुणेच्या पोर्टात लावून बटण दाबून धरा. मध्येच वीज गेली तर सगळं अडकतं. पावसाळ्यात तर यूपीएस हवाच. स्टेशनजवळच्या दुकानात घेणार असाल तर ताजा बायोस तिथेच टाकून मागा.

रॅम डीडीआर५ प्रकारची, ६००० वेगाची, १६ जीबीच्या २ पट्ट्या. ४ लावल्या की वेग उतरतो. पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं स्क्रीन कोरी राहते. रॅमची जुळणी चालू असते, घाईने बंद करू नका.