दोनदा जेवावं, दर दोन तासांनी खावं, की सोळा तास थांबावं?

मागच्या पावसाळ्यातली संकष्टी. पंचांगातला चंद्रोदय नऊच्या पुढचा आणि आभाळ भरलेलं. साडेआठला सासूबाई देवापुढे दूर्वांची जुडी बांधत बसल्या होत्या आणि काही केल्या त्यांना दोऱ्याची गाठ मारता येईना. हात धरला तर तळवा ओला, गार. घरच्या मशीनवर रक्तातली साखर ५४ आली, म्हणजे धोक्याइतकी कमी. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, ८३. तेव्हा कुठे त्यांनी विचारलं, "चंद्र दिसला का गं?"

सकाळची मधुमेहाची गोळी, ग्लिमेपिराइड, त्यांनी नेहमीसारखी घेतली होती. अकराला अर्धी वाटी खिचडी, त्यानंतर पोटात काही नाही. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो.

मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं कागदावरच्या आकड्याकडे बघतात आणि तिथेच उभ्या उभ्या विचारतात, "मग आता दोन वेळा जेवू, की थोडं थोडं खाऊ? का ते सोळा तासांचं करू?" खिडकीपाशी दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते. दिवसातून किती वेळा खायचं यावर आपण जेवढा वाद घालतो, तेवढं महत्त्व त्याला नाही. दिवसातलं शेवटचं खाणं किती वाजता संपतं, ताटात काय आहे आणि औषधांच्या डब्यात कोणती गोळी आहे, या तीन गोष्टी आधी बघा.

दोन वेळा जेवण

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत महाराष्ट्रात आता कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, दीक्षितांनी तो गावोगाव नेला. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा एवढंच. शिवाय रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हा त्यामागचा युक्तिवाद.

ही पद्धत आपल्याकडे इतकी लागू का पडते, याचं उत्तर मला लॅबच्या खिडकीत मिळालं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसाला विचारावं, काही खाल्लंय का? "नाही नाही, फक्त चहा घेतलाय." चहाबरोबर दोन खारी झालेल्या असतात, त्या विचारल्यावर निघतात. आपल्या हिशेबात चहा हे खाणंच नाही. ऑफिसात, दुकानात, कुणाकडे गेलं तर, असे दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे साखर, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम, कुणाच्याही नजरेत न येता पोटात जाते. दोन जेवणांचा नियम हा सगळा रस्ता एका फटक्यात बंद करतो. चहा, खारी, चिवडा, येताजाता तोंडात टाकलेले दाणे, सगळं थांबतं. नियम पाळायला सोपा, कारण त्यात मोजायचं काही नाही. आमच्या भावजींचं वजन आठ महिन्यांत नऊ किलो उतरलं आणि मला विचाराल तर त्यातला मोठा वाटा बंद झालेल्या चहा-फरसाणाचा आहे.

अडचण प्रथिनांची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम मिळतात. दोनच जेवणांत पन्नास गाठायचे तर दोन्ही ताटांत घट्ट आमटी किंवा वाटीभर उसळ, दही आणि खात असाल तर अंडी, मासे हवेतच. भात-वरण-बटाट्याची भाजी अशी दोन ताटं वर्षभर खाल्ली तर वजन उतरेल, पण त्याबरोबर दंडाचे-मांड्यांचे स्नायूही उतरतील. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी हे फार मनावर घ्यावं.

दर दोन तासांनी थोडं

आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं सांगणं बरोबर उलट टोकाचं वाटतं. उठल्यावर चहाच्या आधी फळ किंवा भिजवलेले बदाम, मग दर दोन-अडीच तासांनी थोडं, आणि रात्रीचं जेवण लवकर. त्यांनी एक मोठं काम केलं, त्याबद्दल मला खरंच आदर आहे. तूप, भात, केळं, ज्वारीची भाकरी या आपल्या घरातल्या अन्नाबद्दल लोकांच्या मनात बसलेली भीती त्यांनी काढली.

ज्यांना पित्त खवळतं, उपाशी राहिलं की कपाळ ठणकतं, किंवा दुपारी टाळलं की रात्री हात आवरत नाही, त्यांना ही पद्धत सोसते. पण ती चालवायला घरात किंवा ऑफिसात चार छोटे डबे भरणारं कुणीतरी लागतं. नणंद ठाण्यात राहते, सकाळच्या गर्दीच्या लोकलने कामाला जाते. पहिला महिनाभर तिने डब्यात शेंगदाणे-गूळ, ताक, पेरू नेलं. दुसऱ्या महिन्यात दोन तास झाले की कॅन्टीनमधली इडली, मग समोसा, मग कुणाच्या वाढदिवसाचा केक. खाण्याच्या वेळा तशाच राहिल्या, पदार्थ बदलले.

दोन्ही पद्धती खरोखर समोरासमोर ठेवल्या तर काय होतं, याचा एक चांगला अभ्यास प्राग शहरात झाला, २०१४ साली प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेहाचे ५४ रुग्ण. त्यांना बारा आठवडे दिवसाला सहा छोटी खाणी आणि बारा आठवडे दोन मोठी जेवणं, अशा दोन्ही पद्धती करायला लावल्या. उष्मांक दोन्हींत सारखेच, गरजेपेक्षा ५०० कमी. सहा खाण्यांत सरासरी २.३ किलो कमी झाले, दोन जेवणांत ३.७ किलो. इथे दोन वेळावाले टाळी वाजवतात. पण ती दोन जेवणं कोणती होती हे सहसा कुणी सांगत नाही. ती न्याहारी आणि दुपारचं जेवण होती. रात्रीचं जेवण नव्हतंच. आपल्याकडे दोन वेळा म्हणजे दुपारी एक आणि रात्री नऊ-दहा. प्रागचा निकाल त्या वेळांना जसाच्या तसा लावता येत नाही.

सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणं

पुण्यातल्या आयटीवाल्या भाच्यांकडून ही पद्धत घरात आली. बहुतेक जण न्याहारी सोडतात आणि दुपारी बारा ते रात्री आठ खातात. तिच्याबरोबर पेशींच्या 'आपोआप साफसफाई'ची गोष्ट येते, म्हणजे उपाशी राहिलं की पेशी आतला कचरा स्वतःच साफ करतात, अशी. त्या प्रक्रियेवरच्या कामासाठी जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं. मात्र त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं आहे, त्यातून माणसासाठी सोळा तासांचा आकडा निघत नाही.

माणसांवरचे निकाल साधे आहेत. अमेरिकेत ११६ जणांवर बारा आठवडे प्रयोग झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. एका गटाचं खाणं दुपारी बारा ते रात्री आठ. या गटाचं वजन सरासरी ०.९४ किलो कमी झालं, तीन वेळा जेवणाऱ्यांचं ०.६८ किलो. म्हणण्यासारखा फरक नाही, उलट सोळा तासवाल्यांचे हातापायांचे स्नायू घटल्याची चिन्हं दिसली. चीनमध्ये ग्वांगजोला १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभराचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये आला. दोन्ही गटांना उष्मांक कमी दिले होते, एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच खाल्ले. त्या गटाचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलो, आणि तोही फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. थोडक्यात, घड्याळ बघून कमी खाल्लंत तर वजन उतरतं, घड्याळ न बघता तेवढंच कमी खाल्लंत तरी जवळपास तेवढंच उतरतं.

साखरेच्या बाबतीत मात्र वेळेला वजन आहे. तेच ताट सकाळी खाल्लं तर रक्तातली साखर कमी चढते, रात्री उशिरा खाल्लं तर जास्त, कारण संध्याकाळनंतर शरीराची साखर हाताळायची ताकद उतरते. म्हणून आठ तासांची खिडकी ठेवायचीच असेल तर ती सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच-सहा ठेवा. आमच्या शेजारच्या जैन कुटुंबात हेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. सांगली-कोल्हापूरकडे अशी असंख्य घरं आहेत. दिवेलागणीच्या आत स्वयंपाकघर आवरलेलं, त्यानंतर चूल नाही. त्यांना कुठलं ॲप लागत नाही.

आपले उपवास

धरणे-पारणे, नक्त, एकभुक्त हे शब्द आजीच्या तोंडी होते. चातुर्मासात कुणी एक दिवस धरत, एक दिवस सोडत, कुणी फक्त रात्री जेवत, कुणी दिवसातून एकदाच. हल्ली जे नव्या नावांनी शिकवतात, त्यातलं बरंच आपल्या व्रतांत होतं. फरक पडला तो ताटात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही आजची नाही.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. कोरड्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० उष्मांक, आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. खिचडीत जे काही सत्त्व येतं ते दाण्याच्या कुटातून. बटाटा, तूप, शेवटी वरून साखर, असं बशीभर खाल्लं की नेहमीच्या जेवणाइतके उष्मांक होतात आणि साखर भरकन चढते. वरईची भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं बेताने, काकडीची कोशिंबीर, ताक, हे ताट कितीतरी बरं. भगर मात्र पाकीटबंद आणि ताजी घ्या, सुट्या भगरीचं जुनं पीठ नको. बुरशी धरलेल्या भगरीने नवरात्रात, महाशिवरात्रीला विषबाधेच्या बातम्या येतातच.

वेळेच्या दृष्टीने एकादशी आणि संकष्टी फार वेगळ्या आहेत. एकादशी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटते, म्हणजे रात्र हलकी आणि पारणं दिवसाउजेडी. संकष्टीला दिवसभर थोडकं आणि नऊ-साडेनऊला मोदक, पुरण, भात. श्रद्धेबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, मी स्वतः संकष्टी धरते. पण आरोग्यासाठी दोन्हींतला एक उपवास निवडायचा असेल, तर मी एकादशी म्हणेन.

मग तुम्ही कोणतं घ्याल?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांनी मात्रा बदलून दिल्याशिवाय वरचं काहीही सुरू करू नका, अगदी एक दिवसाचा उपवासही नको. डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातल्या मधुमेहाच्या गोळ्यांवर लांब उपाशी राहिलं तर वेगळा आणि गंभीर धोका असतो, रक्तात आम्ल साचण्याचा. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीची मुलं, टाइप १ मधुमेही, किडनीचे रुग्ण आणि आधीच काटकुळे झालेले म्हातारे यांनी लांब अंतराच्या पद्धतींपासून दूर राहावं.

एचबीएवनसी (सरासरी साखरेची रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ मध्ये, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलं आहे, गोळी नाही, पोट सुटलं आहे (पुरुषांना कंबर ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही आपल्याकडची मर्यादा), चहा सुटत नाही, अशा माणसाला मी दोन जेवणं सांगेन, पण सकाळी दहा आणि संध्याकाळी साडेसहा अशी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. त्याआधी दर आठवड्याला साखर बघून जीव टांगणीला लावू नका, एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देतं.

पित्ताचा, डोकेदुखीचा त्रास असणाऱ्यांनी थोडं थोडं खावं, फक्त चार डबे घरून न्यायची तयारी हवी. ती नसेल तर तीन वेळा नीट जेवा आणि मधलं बंद करा. तीन वेळा जेवणं हाही एक चांगला पर्याय आहे, त्याची जाहिरात कुणी करत नाही एवढंच.

नऊला घरी पोचणाऱ्यांचा प्रश्न सगळ्यात अवघड. नणंदेने शेवटी डब्याचे दोन भाग केले. पोळी-उसळ दुपारी, आणि उरलेली पोळी-भाजी संध्याकाळी सहाला ऑफिसातच. घरी आल्यावर वाटीभर सूप किंवा ताक घेऊन ती मुलांबरोबर पानावर बसते, कारण दिवसभरात घर एकत्र येतं ते तेवढ्याच वेळी, आणि ती वेळ तिला सोडायची नव्हती. सहा महिने हे टिकलं आहे. दर दोन तासांचं सहा आठवडेही टिकलं नव्हतं.

सासूबाईंची संकष्टी चालूच आहे. त्या दिवशी गोळी किती आणि कधी, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आहे. दुपारी एकला भगर-आमटी, साडेसहाला राजगिऱ्याची लाही आणि दूध. चंद्र दिसला की नैवेद्य दाखवतात, अर्धा मोदक आणि दोन घास वरणभात खातात. साखर मोजायचं मशीन त्या दिवशी निरांजनाच्या तबकाशेजारी ठेवलेलं असतं. आठ वाजता त्या स्वतःच बोट पुढे करतात.